समुद्रकाठची मांजरं आणि एका दिवसाचे पाहुणे

समुद्रावर गेलं की मला पाण्याच्या आधी मांजरं दिसतात. उलटी घातलेली होडी, जाळ्यांचे ढीग, धक्क्याच्या पायऱ्या, वाहनतळाच्या कडेची झुडपं, कुठेतरी एक शेपूट हलतंच. मासे उतरतात तिथे मांजर येणारच. शिवाय ही सोबत फार जुनी आहे. उंदरांपासून धान्य आणि दोरखंड वाचवायला माणसानं मांजराला जहाजावर घेतलं आणि जहाजं लागली त्या त्या बंदरात मांजरं उतरत गेली. प्राचीन मांजरांच्या अवशेषांमधल्या डीएनएचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इजिप्तकडच्या वंशाचं मांजर बाल्टिक किनाऱ्यावरच्या व्हायकिंग काळातल्या बंदरापर्यंत पोचलं होतं, असं त्यात दिसून आलं.

सहलीला गेल्यावर भेटलेलं मांजर मात्र मला दरवेळी कोड्यात टाकतं. संध्याकाळी आपण निघतो, ते तिथेच राहतं. त्याला खायला घालावं का? पिल्लू दिसलं तर उचलावं का? लंगडणारं दिसलं तर कोणाला सांगावं? आपण असतो काही तासांचे पाहुणे, पण जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर कोणीतरी रोजचं माणूस या मांजरांसाठी झिजत असतं आणि ते आपल्या नजरेस पडत नाही. म्हणून हे अनुभव मागवते आहे. मांजर कुठे भेटलं, तुम्ही काय केलंत, तिथलं रोजचं माणूस भेटलं का, आणि पुढे काय झालं हे ठाऊक असेल तर तेही लिहा. सुरुवात मीच करते. माझ्यानंतरचा प्रत्येक अनुभव वेगळ्या माणसाचा आहे, * * * या खुणेनं वेगळा केलेला.

* * *

एनोशिमा. तोक्योहून रेल्वेनं साधारण तासा-सव्वा तासावर, पुलानं किनाऱ्याला जोडलेलं छोटंसं बेट. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. देवळाकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या, माथ्यावर दीपगृह, पलीकडच्या उतारावर लाटांनी कोरलेल्या गुहा. बेटावरची मांजरं प्रसिद्ध आहेत हे ऐकून गेले होते.

पहिलं मांजर कठड्यावर बसलेलं होतं, चारही पाय अंगाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून. त्याच्या कानाच्या टोकाला त्रिकोणी खाच होती. मारामारीत फाटलेला कान असा नीट कापल्यासारखा नसतो. सोबतच्या मैत्रिणीला जपानी येतं. तिनं सांगितलं की ही नसबंदी झाल्याची खूण आहे. चेरीच्या पाकळीला टोकाशी खाच असते तशी, म्हणून साकुरा-नेको, म्हणजे चेरी-मांजर. बोक्याचा बहुधा उजवा कान, भाटीचा डावा. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असतानाच ती खाच करून घेतात. मग लांबूनच कळतं की याला पुन्हा पिंजऱ्यात पकडून, पुन्हा भूल देऊन त्रास द्यायची गरज नाही.

वरच्या वळणावर एक वयस्कर बाई भेटल्या. पाठीवर पिशवी, हातात छोट्या ताटल्या. मांजरांनी त्यांना पायऱ्यांच्या खालीच ओळखलं होतं. बाई प्रत्येकाच्या ताटलीत मोजून घालत होत्या आणि सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या. मग ताटल्या उचलल्या, जमीन पुसली आणि एका वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिता, असं मैत्रिणीनं विचारलं तर म्हणाल्या, आज कोण आलं नाही ते लिहिते. सलग काही दिवस न दिसलेल्या मांजराला शोधायला त्या आणि त्यांच्या सोबतिणी झुडपांत जातात.

त्यांचं दुसरं सांगणं माझ्या मनातून जात नाही. बेटावर पुष्कळ मांजरं आणून सोडलेली आहेत. इथे पाहुणे येतात, लाड करतात, खायला मिळेल, असा हिशेब करून लोक पाळलेलं मांजर पुलावरून आणतात आणि रिकाम्या हातानं परत जातात. जपानच्या कायद्यात हा गुन्हा आहे. २०२० पासून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. पण सोडलेलं मांजर पहिले काही दिवस येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघतं, हे सांगताना त्या जरा थांबल्या होत्या.

* * *

माझा अनुभव कुठल्या प्रसिद्ध बेटावरचा नाही. लाटा अडवायला सिमेंटचे चारपायी ठोकळे टाकतात ना, टेट्रापॉड, तशी रांग असलेला एक साधा बांध. आम्ही भावंडं भरतीच्या आधी तिथे पोचलो आणि ठोकळ्यांच्या आतून पिल्लाचा आवाज आला. बारीक, एकसुरी, न थांबणारा.

धाकटा भाऊ लगेच उतरायला निघाला. बांधावर गळ टाकून बसलेल्या एका काकांनी त्याला जवळजवळ ओरडूनच थांबवलं. ते ठोकळे वरून भक्कम दिसतात, पण शेवाळानं निसरडे असतात. त्यांच्या मधल्या पोकळ्या खोल असतात आणि पाणी त्यांत खालून चढतं. आत घसरलेला माणूस स्वतःच्या ताकदीवर वर येऊ शकत नाही आणि वरच्या लोकांना दिसतही नाही. काकांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. पूर्ण भरतीला अजून बराच अवकाश आहे. आणि पिल्लाची आई जिवंत आहे, तिला त्यांनी सकाळीच पाहिलंय. मग त्यांनी फोन लावला आणि थोड्या वेळानं स्कूटरवरून एक ताई आल्या, पिंजरा घेऊन.

त्यांनी केलेलं काम मी जन्मभर विसरणार नाही. पिल्लाच्या मागे न जाता त्यांनी आधी फोनवर त्याचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. पिंजऱ्याच्या तोंडाशी तेलातल्या माशाचा बारीक तुकडा, आतल्या टोकाला मोठा. वर चादर, फोन चादरीखाली मागच्या बाजूला, आणि रडण्याचा आवाज चालू. आम्हाला सगळ्यांना लांब बसवलं, बोलायचं नाही म्हणून सांगितलं. आई आली. पिंजऱ्याभोवती फिरली, परत गेली, पुन्हा आली. आत शिरली आणि दार पडलं.

चादर पूर्ण ओढल्याबरोबर ती शांत झाली. अंधार झाला की पकडलेलं मांजर धडपड थांबवतं, नाहीतर जाळीवर नाक-नखं फोडून घेतं. ताईंनी चादरीची कड उचलून तिचं पोट बघितलं. आचळ भरलेले होते, म्हणजे अजून दूध पाजत होती. तिचा पिंजरा ठोकळ्यांच्या कडेला, पाण्यापासून सुरक्षित उंचीवर ठेवला आणि पुढ्यात दुसरा छोटा पिंजरा लावला. आता आई आतून हाक मारत होती. माणसांच्या हाकेनं आणखी आत सरकणारं पिल्लू त्या आवाजामागे एकेक ठोकळा चढत आलं. एक नाही, तीन. आम्हाला एकाचाच आवाज ऐकू आला होता.

पाणी खालच्या पोकळ्यांत शिरायला लागलं तेव्हा चौघंही पिंजऱ्यांत होते. पुढचं ताईंनी नंतर कळवलं. पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत आईबरोबर राहिली, मग तिन्हींना घरं मिळाली. आई माणसाला अंगाला हात लावू देत नव्हती. तिची नसबंदी करून तिला परत त्याच बांधावर सोडलं. गळवाले काका तिच्यावर लक्ष ठेवून असतात.

* * *

वरचा अनुभव वाचून पशुवैद्य म्हणून थोडं लिहितो. माझा दवाखाना समुद्राजवळ आहे आणि सहलीचे दिवस आले की आमच्याकडे ठरावीक प्रकारचे रुग्ण येतात.

गळ अडकलेलं मांजर. तोंडातून दोरी लोंबताना दिसली की माणसाचा हात आपसूक ती ओढायला जातो. कृपा करून ओढू नका. दोरीचं दुसरं टोक पोटात, आतड्यात गेलेलं असू शकतं. ओढल्यावर ती ताणली जाते आणि आतडं आतून कापलं जातं. गळाला मागे वळलेला काटा असतो, त्यामुळे तो आला तसा निघत नाही. दोरी बाहेर थोडी ठेवून कापा, म्हणजे आम्हाला टोक सापडतं, आणि मांजराला बंद खोक्यात घालून आणा. तेवढं पुरतं. आणि तुम्ही गळ टाकत असाल तर तुटलेली दोरी आणि आमिष लावलेला गळ धक्क्यावर सोडून जाऊ नका. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक गळ आमिषासकट गिळलेले असतात.

दुसरी गोष्ट पिल्लांची. एकटं दिसलेलं पिल्लू अनाथच असेल असं नाही. आई शिकारीला गेलेली असते किंवा पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवत असते, आणि तुम्ही दोन पावलांवर उभे असाल तर ती जवळ येत नाही. पिल्लू उन्हात, पाण्यात किंवा रस्त्यावर नसेल तर लांब जाऊन वाट बघा. ते खरंच थंड पडलेलं असेल तर आधी ऊब, मग अन्न. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि घाईनं पाजलेलं फुफ्फुसात जातं. गाईचं दूध नको, त्यानं जुलाब लागतात आणि एवढासा जीव पाणी कमी होऊन जातो. जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, त्याच्याकडे साठा कसला असणार! आणि माणसाची तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं ठरतं, अगदी थोडंसुद्धा.

मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या बाबतीत उद्यावर ढकलायचं नसतं.

* * *

मुलीबरोबरचा छोटासा प्रसंग. वाळूच्या वरच्या कडेला, वाळलेल्या गवतात एक राखाडी पिल्लू. निळे डोळे. मुलगी लगेच, "आई, याला घरी नेऊ या." वयाच्या सहा-सात आठवड्यांपर्यंत बहुतेक पिल्लांचे डोळे निळेच असतात, म्हणजे हे आईच्या दुधावरचं असणार हे मला माहीत होतं. तिला म्हटलं, आपण त्या दगडामागे बसून आधी याची आई शोधू. ती जेवढा वेळ गप्प बसली तेवढा वेळ एरवी कधीच बसत नाही. शेवटी एक ठिपक्यांची भाटी आली, पिल्लाला मानेला धरलं आणि झुडपात गेली. परतीच्या वाटेवर मुलगी रडली, पण तिनं पुन्हा मागितलं नाही.

* * *

तीस वर्षं पक्षी बघतोय, म्हणून वेगळी बाजू मांडतो. मला मांजरं आवडतात. पण चिखल्या आणि सुरय उघड्या वाळूत घरटी करतात. घरटं म्हणजे काय, वाळूत खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. पिल्लं उडायला लागेपर्यंत जमिनीवरच असतात. तिथे एक मांजर रोज रात्री फिरायला लागलं तर त्या हंगामात पक्ष्यांचं एकही पिल्लू मोठं होत नाही.

दक्षिण हिंद महासागरातल्या मॅरियन बेटाची गोष्ट सगळ्यांना माहीत असावी असं मला वाटतं. १९४९ मध्ये तिथल्या हवामान केंद्रात उंदरांसाठी पाच मांजरं आणली. १९७७ पर्यंत ती ३,४०० च्या आसपास झाली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या घरात समुद्रपक्षी मारत होती, असा अंदाज आहे. बिळांत घरटी करणारे पेट्रेल पक्षी तर काही जागी संपलेच. १९९१ पर्यंत त्या बेटावरची सगळी मांजरं नाहीशी करावी लागली. त्या मांजरांचा काय दोष होता? त्यांना आणणारी माणसंच होती. म्हणूनच घरट्यांच्या किनाऱ्यावर मांजरांना खाऊ घालणारी माणसं दिसली की मला काळजी वाटते. तुमचा कळवळा खरा आहे, पण तिथे अन्न ठेवणं म्हणजे शिकाऱ्याला मुक्कामाला बोलावणं.

* * *

पक्षीमित्रांना उत्तर म्हणून नाही, त्यांच्या बाजूनंच लिहिते. मी एका धक्क्याजवळच्या मांजरांना रोज सांभाळते. आमच्याकडेही पलीकडच्या वाळूत चिखल्यांची घरटी असतात आणि हा वाद आमच्या गावकीत अगदी हातघाईवर आला होता. एक गट म्हणत होता सगळी मांजरं उचलून लांब सोडा, दुसरा म्हणत होता हात लावाल तर बघा.

लांब सोडून काही साधत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मांजर जागेला धरून असतं. नव्या ठिकाणी त्याला पाणी, आडोसा काही माहीत नसतं. त्यातली काही परत यायच्या वाटेवर गाडीखाली जातात. आणि इकडे रिकाम्या जागेवर अन्न तेवढंच असतं, त्यामुळे नवी, नसबंदी न झालेली मांजरं येऊन बसतात.

आम्ही केलं ते असं. आधी सगळ्यांची नसबंदी. निम्म्यांची करून थांबलं तर उरलेल्या भाट्या वर्षभरात संख्या भरून काढतात. एका भाटीचा गर्भ नऊ आठवड्यांचा असतो आणि चार-पाच महिन्यांची पोरसुद्धा गाभण राहू शकते. मग जेवणाची जागा हलवली. एकदम नाही. रोज ताटल्या काही पावलं धक्क्याच्या आतल्या बाजूला, वाळूपासून दूर. मांजरं ताटलीमागे येतात. पाण्याची भांडी, पावसाचा आडोसा, सगळं तिकडे नेलं. जेवण फक्त दिवसा, आणि खाऊन झालं की उरलेलं उचलायचं, म्हणजे रात्री उंदीर-घुशी आणि त्यांच्यामागे आणखी मांजरं येत नाहीत. घरट्यांच्या हंगामात वाळूच्या बाजूला जाळीचं कुंपण घालतात ते काम पक्षीवाल्यांचं, त्यात आता आमची मुलंही जातात. लाडाळलेली मांजरं आणि पिल्लं घरांत दिली. नसबंदी झालेलं मांजर शिकार सोडतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पण दरवर्षी संख्या खाली येते आहे, नवी पिल्लं नाहीत, आणि वाळूत रात्री पंजे उमटत नाहीत.

सहलीच्या पाहुण्यांकडे माझी एकच तक्रार आहे. आम्ही इतक्या खटपटीनं जागा बदलली, आणि सुट्टीच्या दिवशी कोणीतरी येऊन वाळूतच माशाचं डोकं टाकतं. एका संध्याकाळीत मांजरांना जुनी वाट आठवते. खाऊ घालायचा असेल तर धक्क्यावर विचारा, कोणीही माझ्याकडे पाठवेल. तुमच्या हातानं ताटली ठेवा, मला आनंदच होईल.

* * *

आओशिमाला जाऊन आलो. जपानच्या एहिमे प्रांतातलं बेट, जायला एक छोटी बोट, तीही समुद्र खवळला की बंद. बेटावर दुकान नाही, राहायची सोय नाही. एके काळी सार्डिन माशांवर जगणारी भरलेली वस्ती होती. होड्यांमधल्या उंदरांसाठी मांजरं आणली होती. माणसं कामधंद्यासाठी निघून गेली, मांजरं राहिली आणि वाढली. छायाचित्रं जगभर पसरली आणि पाहुण्यांची रीघ लागली. बेटावर उरलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही म्हातारी. सगळ्यांना खायला घालायचा भार त्यांच्यावर.

२०१८ मध्ये बेटावरच्या मांजरांची सरसकट नसबंदी झाली. मी गेलो तेव्हा एकही पिल्लू नव्हतं. सगळी मोठी, बरीचशी म्हातारी. काहींचे डोळे चिकटलेले, काही शिंकणारी. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत वाढलेल्या मांजरांत असे आजार राहतात. खायला घालायची एक ठरलेली जागा आहे, इतरत्र नाही. पाहुणे तो नियम पाळत होते.

बोटीत एक तरुण हळहळत म्हणाला की काही वर्षांनी इथे काहीच उरणार नाही. मला तसं वाईट वाटलं नाही. माणसं उरणार नाहीत तिथे मांजरं उरली असती तर हिवाळ्यात त्यांचं काय झालं असतं? शेवटच्या मांजराला शेवटपर्यंत कोणीतरी खायला घालेल इतका हिशेब त्या म्हाताऱ्या माणसांनी करून ठेवला, हे मला फार मोठं वाटतं.

* * *

आओशिमाच्या शेजारी ताशिरोजिमा ठेवावंसं वाटतं, कारण तिथली गोष्ट उलट दिशेनं गेली. हे मियागी प्रांतात, इशिनोमाकी शहराच्या समुद्रात. इथे पूर्वी रेशमाचे किडे पाळत. उंदीर ते खातात म्हणून मांजरं ठेवली. पुढे कोळी लोक मांजराच्या हालचालींवरून हवामानाचा आणि माशांचा अंदाज बांधत. जाळ्यांसाठी दगड फोडताना एक मांजर दगडाखाली सापडून मेलं, तर त्याला पुरून तिथे देऊळ बांधलं. ते छोटं देऊळ अजून आहे, भोवती लोकांनी ठेवलेल्या मांजरांच्या मूर्ती. बेटावर कुत्रा न्यायला बंदी आहे.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनं बेटाचा बंदराकडचा भाग आणि कालवांची शेती उद्ध्वस्त केली. मांजरं बहुतेक वाचली, ती उंचावर पळाली असावीत असं तिथले लोक म्हणतात. मग कालवं वाढवणाऱ्या कोळ्यांनी मांजरांच्याच ओळखीवर लोकांकडे मदत मागितली आणि देशभरातून छोट्या छोट्या रकमा आल्या. त्यातून होड्या आणि कालवांची शेती पुन्हा उभी करायची, आणि मांजरांचं अन्न-औषधही बघायचं, असं ठरलेलं होतं. पूर्वी माणसांनी मांजरांना पोसलं, त्या वर्षी मांजरांनी माणसांना हात दिला. देवळासमोर उभं राहून मी हेच मनात म्हटलं आणि नमस्कार केला.

* * *

सायप्रस. लिमासोलजवळच्या आक्रोतिरी द्वीपकल्पावर संत निकोलस यांचा मठ आहे, मांजरांचा मठ म्हणूनच त्याची ओळख. चौथ्या शतकात सापांचा सुळसुळाट झाला तेव्हा संत हेलेना यांनी जहाजातून मांजरं पाठवली, अशी आख्यायिका. बेटावर मांजरं मात्र त्याहून कितीतरी जुनी. शिलूरोकाम्बोस इथल्या उत्खननात साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या थडग्याशेजारी मांजराचं दफन सापडलं, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मांजर मूळचं त्या बेटावरचं नव्हे, म्हणजे कोणीतरी होडीतून आणलं असणार.

मी गेले ते २०२३ नंतर. त्या वर्षी मांजरांच्या एका करोना विषाणूची मोठी साथ आली होती. माणसाच्या कोविडपेक्षा हा विषाणू वेगळा, मांजरापासून माणसाला न होणारा, पण मांजरांना पोटात पाणी भरून मारणारा. किनाऱ्यावर रोज खायला घालणाऱ्या एका गृहस्थांनी मला रिकाम्या जागा दाखवल्या, इथे अमकी बसायची, तिथे तमका. ऑगस्टमध्ये सरकारनं माणसांसाठी आणलेल्या कोविडच्या उरलेल्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. पण भटक्या मांजराला आठवड्यांमागून आठवडे रोज औषध द्यायचं म्हणजे ते रोज सापडलं पाहिजे. ज्यांची रोजची ताटली ठरलेली होती ती सापडत होती. त्या गृहस्थांनी आपल्या काळ्या बोक्याला असंच वाचवलं. तो आमचं बोलणं चालू असताना त्यांच्या बुटावर झोपला होता.

* * *

पांढऱ्या मांजरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. किनाऱ्यावर सावली कमी, ऊन वरून आणि पाण्यावरूनही. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या कडा आणि नाक उन्हानं भाजतात. आधी लालसर, मग खपली, मग बरी न होणारी जखम. ती बहुधा कर्करोगाची असते. आम्हाला दिसलेल्या भाटीला सगळे मारकुटी समजत होते, कारण कान सतत रक्ताळलेले. तिथल्या खाऊ घालणाऱ्या मुलाला फोटो दाखवून विचारलं, किती दिवस आहे? तो म्हणाला, गेल्या उन्हाळ्यापासून. त्यानं पकडली, आम्ही दवाखान्याचा खर्च उचलला. कानांचे बाहेरचे भाग काढावे लागले. लवकर सापडलं की हा आजार तिथेच थांबू शकतो, आणि तिचा थांबला. आता ती आमच्या घरात, पडदा ओढलेल्या खिडकीत बसते.

* * *

एक गोष्ट जोडतो. समुद्राकाठी दिसणारं प्रत्येक मांजर भटकं नसतं. आम्हाला भेटलेला बोका वाहनतळात गाडीखाली होता, पण "ये" म्हटल्यावर आला, आणि उचलल्यावर खांद्यावर डोकं ठेवलं. माणसांत न वाढलेलं मांजर असं करत नाही. दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्याला माणसाचा हात लागला नाही, ते मोठेपणी क्वचितच अंगाशी येतं. पंजे मऊ, पण अंगावर गोचिड्या. जवळच्या दवाखान्यात यंत्र फिरवून बघितलं तर मानेजवळ कातडीखाली मायक्रोचिप लागली, तिच्या क्रमांकावरून घरच्यांचा पत्ता लागला. आमच्यासारखेच कोणी सहलीला आले होते, गाडीचं दार उघडलं तेव्हा घाबरून पळाला. ते लोक परत परत येऊन शोधून गेले होते आणि शेवटी आशा सोडली होती. फोनवर त्या घरातल्या आजी काही बोलूच शकल्या नाहीत, नातवानं पत्ता सांगितला.

आणि हो, किनाऱ्यावरून निघताना बोनेटवर दोन थापा मारा. इंजिन उबदार असतं, सावली असते, पिल्लं वर चढून बसतात.

* * *

एवढे अनुभव वाचून माझाही लिहिते. मला प्राण्यांच्या जवळ जायला भीती वाटते, पिंजरा लावणं मला जमणार नाही. पण सहलीला आम्ही स्वतःच्या गाडीनं जातो. धक्क्यावरच्या मांजरांचं बघणाऱ्या बाईंशी बोलताना कळलं की त्यांची खरी अडचण वाहनाची आहे. पकडणं त्या करतात, पैसे कसेबसे जमतात, पण नसबंदी करणारा दवाखाना लांब, आणि पिंजरे बसमध्ये घेत नाहीत.

आता आमची समुद्राची सहल त्यांना विचारूनच ठरते. आम्ही दुपारपर्यंत पाण्यात खेळतो. त्या तोवर पिंजरे लावून ठेवतात. निघताना मागच्या सीटवर प्लॅस्टिक, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर चादरी घातलेले पिंजरे. प्रत्येकाला चिठ्ठी : कुठे पकडलं, भाटी की बोका, दूध पाजते का. गाडीत गाणी बंद, एसी मंद. वाटेतल्या दवाखान्यात उतरवतो. परत सोडायला दुसरं कोणीतरी समुद्रावर जाणारं कुटुंब त्या शोधतात. बोका दुसऱ्या दिवशी जाऊ शकतो, भाटीला जरा जास्त आराम लागतो. दूध पाजणारी असेल तर मात्र पिल्लं उपाशी राहतील म्हणून तिची घाई असते, तेव्हा परतीची गाडी आधी ठरवूनच पकडतात.

मुलं मागे बघून हळूच मोजतात, कोण म्याव करतंय, कोण गप्प आहे. आमच्या गाडीत वास राहतो, तो काही दिवसांनी जातो. पुढच्या महिन्यात जाणार आहोत तेव्हा बाईंनी सांगून ठेवलंय की उलट्या होडीखाली एक गाभण भाटी आहे, ती तोवर व्याली असेल, म्हणून यावेळी मोठा पिंजरा मावेल अशी जागा ठेवा.